जुनी एसएसडी, दुसरा लॅपटॉप : जमतं का?

समजा, सबमिशन आठ दिवसांवर आलंय. ब्लॅक बुकचे चार चॅप्टर, सर्व्हेचा डेटा, तीन वर्षांचे फोटो, सगळं लॅपटॉपमध्ये. आणि एका सकाळी पॉवर बटण दाबलं तर लाइट लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. रिपेअरवाला झाकण उघडून बघतो आणि मान हलवतो. मदरबोर्ड गेलाय. नवा टाकायचा तर जवळपास सेकंडहँड लॅपटॉपइतका खर्च. अशा वेळी आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघतं, ‘गेलं सगळं!’

पण बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं. मदरबोर्ड मेला म्हणून त्याच्यावर बसवलेली एसएसडी मरत नाही. च्युइंगगमच्या पट्टीएवढी ती वस्तू चार-पाच स्क्रू काढले की बाहेर येते आणि दुसऱ्या लॅपटॉपमध्ये जाऊन बसते. ‘पण माझा एचपीचा आहे आणि मित्राचा लेनोवोचा,’ असं म्हणाल, तर त्याने फरक पडत नाही. डेलची एसएसडी असुसमध्ये चालते, असुसची एसरमध्ये. लॅपटॉपच्या पाठीवर कोणत्या कंपनीचा लोगो आहे हे एसएसडीला माहीतही नसतं. अडतं ते दोनच ठिकाणी. एक म्हणजे खाच आणि दुसरं म्हणजे कुलूप. खाच जुळली नाही तर ड्राइव्ह बसणार नाही किंवा दिसणार नाही. कुलूप उघडलं नाही तर बसेल, दिसेल, पण आत काय आहे ते कधीच कळणार नाही. खाचेचा प्रश्न बाजारात सुटतो. कुलपाचा प्रश्न मात्र जुना लॅपटॉप जिवंत असतानाच सोडवून ठेवावा लागतो, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

आधी खाच बघू

लॅपटॉपमध्ये तुम्हाला साधारण दोन प्रकारच्या एसएसडी भेटतील. पहिली अडीच इंची, पत्त्यांच्या कॅटपेक्षा थोडी पातळ डबी. ही साटा पद्धतीची. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी सरळ बसते, वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत. हिच्या बाबतीत लफडी कमी. फक्त जाडी बघा (आजकाल बहुतेक ७ मिमी असतात) आणि लॅपटॉपमध्ये ती अडकवायची पत्र्याची कॅडी आणि छोटी केबल जागेवर आहे ना, ते बघा. सेकंडहँड लॅपटॉप विकणारे हार्ड डिस्क काढताना ही केबलही सोबत काढून घेतात, मग ती शोधत बसावं लागतं. प्रत्येक मॉडेलची केबल वेगळी असते, त्यामुळे इथे मात्र मॉडेल नंबर जुळवावा लागतो.

दुसरी एम.२. हीच ती च्युइंगगमची पट्टी. गोंधळ सगळा इथे आहे, कारण एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. आत कोणती भाषा बोलली जाते, हे त्यावरून कळत नाही. काही एम.२ ड्राइव्ह आतून साटाच असतात, काही एनव्हीएमई. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. ओळखायचं कसं? सोनेरी पिनांच्या कडेला बघा. एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई, दोन खाचा असतील तर बहुधा साटा. ‘बहुधा’ म्हणायचं कारण, दोन खाचांच्या काही एनव्हीएमईही बाजारात होत्या. म्हणून खात्रीसाठी लेबलवरचा मॉडेल नंबर सर्च करा, दोन मिनिटांचं काम आहे.

खरी फसगत अशी होते. दोन खाचांची साटा एम.२ एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये अगदी छान बसते. स्क्रूही लागतो. लॅपटॉप सुरू केला की मात्र ड्राइव्हचा पत्ताच नाही. लगेच ‘एसएसडी खराब आहे’ असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. ती खराब नसते, त्या स्लॉटला साटा समजतच नाही एवढंच. उलट, नव्या पिढीची जेन ४ एनव्हीएमई जुन्या जेन ३ स्लॉटमध्ये बिनधास्त चालते. सेकंदाला ७,००० एमबीची ताकद असली तरी तिथे ती साधारण ३,५०० वर थांबते. तुमच्या वर्ड फाइलला हा फरक कळणारही नाही, त्यामुळे टेन्शन नको.

मग येते लांबी. लेबलवर २२८०, २२४२, २२३० असे आकडे दिसतील. पहिले दोन अंक रुंदी, म्हणजे २२ मिमी. पुढचे दोन लांबी. २२८० म्हणजे ८० मिमी, सगळ्यात जास्त दिसणारी. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत इवलीशी २२३० असते, लेनोवोच्या काहींत २२४२. छोटी एसएसडी मोठ्या जागेत बसवायला पट्टी मिळते. मोठी छोट्या जागेत बसवायला काहीच मिळत नाही. करवतीचा विचार मनातून काढून टाका!

तुमच्या लॅपटॉपमध्ये नेमकं काय बसतं, हे दुकानदाराला विचारण्यापेक्षा कंपनीला विचारा. एचपी, डेल, लेनोवो यांचे सर्व्हिस मॅन्युअल फुकट डाउनलोड होतात, त्यात झाकण कसं उघडायचं हेसुद्धा चित्रांसह दिलेलं असतं. लेनोवोची पीएसरेफ नावाची यादी तर कोणत्या मॉडेलमध्ये किती स्लॉट आणि कोणत्या लांबीचे, एवढं तपशिलात सांगते. शाळेच्या पुस्तकांपेक्षा हे मॅन्युअल वाचायला सोपे असतात, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता ज्यांचा हा प्रश्नच निकालात निघतो, त्यांच्याविषयी थोडक्यात. अगदी स्वस्तातल्या काही लॅपटॉपांत एसएसडी नसतेच, ईएमएमसी चिप बोर्डावर डकवलेली असते. २०१८ पासूनच्या मॅकबुक एअरमध्ये आणि अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम चिपवाल्या सगळ्या मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं. तिथे बोर्ड गेला की ‘काढून दुसऱ्यात टाकू’ हा पर्याय नाही. अशांनी बॅकअपला पर्याय शोधू नये.

कुलूप, जे तुम्ही लावलंच नव्हतं

खाच जुळली. मित्राच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवली. सुरू केलं आणि समोर निळा स्क्रीन आला, ‘बिटलॉकर रिकव्हरी की टाका.’ ४८ आकडी. तुम्ही म्हणाल, मी तर कधी काही लॉक केलंच नाही!

तुम्ही नाही, विंडोजने केलं. नव्या लॅपटॉपवर पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की अनेक मशीनवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप सुरू होतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर त्याच्या अटी आणखी सैल केल्या आहेत, त्यामुळे नव्याने विंडोज टाकलेल्या जास्तीत जास्त लॅपटॉपांवर ते चालू सापडतं. यात एसएसडीवरचा सगळा मजकूर सांकेतिक रूपात लिहिला जातो आणि त्याची किल्ली लॅपटॉपच्या बोर्डावरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षित भागात राहते. रोज लॅपटॉप सुरू करताना टीपीएम गुपचूप किल्ली देतं, म्हणून तुम्हाला कधी काही जाणवत नाही. एसएसडी दुसऱ्या लॅपटॉपमध्ये गेली की तिथल्या टीपीएमकडे ही किल्ली नसते. आणि जुना बोर्ड मेला असेल तर किल्लीची ती प्रत त्याच्याबरोबर मेली. आता उरते फक्त ती ४८ आकडी रिकव्हरी की.

ही व्यवस्था वाईट आहे असं मी म्हणणार नाही. लॅपटॉप लोकलमध्ये विसरला किंवा चोरीला गेला, तर याच कुलपामुळे तुमचे फोटो कुणाच्या हाती लागत नाहीत. पण कुलूप लावताना घरमालकाला नीट सांगायला हवं होतं, एवढी तक्रार रास्त आहे. कारण हे कुलूप रिपेअरवाला तोडू शकत नाही. ‘डेटा काढून देतो, थोडे पैसे जास्त लागतील,’ असं कुणी म्हणालं तर आधी त्याला विचारा, ड्राइव्ह एन्क्रिप्टेड आहे का? असेल आणि की नसेल, तर पैसे वाचवा.

मग की असते कुठे? स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल तर ती त्या अकाउंटमध्ये साठवलेली असते. फोनवरून अकाउंटच्या साइटवर जा, डिव्हाइसेसमध्ये तुमचा लॅपटॉप निवडा, तिथे रिकव्हरी की दिसेल. आता गंमत बघा. लॅपटॉप घेतला तेव्हा तुम्ही बारावीत होता. सेटअप कुणी केलं? दादाने, मामाने, नाहीतर दुकानातल्या पोऱ्याने. अकाउंट कुणाचं टाकलं? आठवत नाही. म्हणजे तुमच्या डेटाची किल्ली आज कुणाच्या ईमेलमध्ये आहे, ते तुम्हाला माहीत नाही.

कॉलेजवाल्यांसाठी याहून मोठा खड्डा पुढे आहे. फुकट ऑफिस मिळतं म्हणून कॉलेजने दिलेल्या ईमेलने लॅपटॉपवर लॉगिन केलेलं असतं. अशा वेळी की कॉलेजच्या खात्यात जाऊन बसलेली असू शकते. पास आउट झालात, काही महिन्यांनी तो ईमेल बंद झाला आणि त्यानंतर बोर्ड गेला, तर कॉलेजच्या आयटी विभागाच्या दारात उभं राहण्याशिवाय गत्यंतर नाही. थर्ड इयर आणि फायनल इयरवाल्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.

म्हणून लॅपटॉप धडधाकट असतानाच सेटिंग्जमध्ये जा, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ उघडा, ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का बघा. चालू असेल तर की शोधून कागदावर लिहा. हो, कागदावर. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर फाइल बनवून ठेवणं म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कुलूप लावणं. आणि एसएसडी ठरवून दुसऱ्या लॅपटॉपमध्ये हलवणार असाल, तर आधी एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण उलगडेपर्यंत वाट बघा. ड्राइव्ह भरलेली असेल तर याला बराच वेळ लागतो. चार्जर लावून ठेवा आणि जेवून या.

विंडोज उठेल का?

बऱ्याचदा उठतं. विंडोज १० आणि ११ या बाबतीत समंजस आहेत. पहिल्यांदा सुरू होताना नव्या हार्डवेअरची ओळख करून घेतात, दोन-तीनदा रीस्टार्ट होतात आणि चालू लागतात. लिनक्स तर त्याहून सोपं, कारण बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात.

उठत नाही तेव्हा कारणं ठरलेली असतात. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची सोय बायोसमध्ये चालू असते. एका मशीनमध्ये ती चालू आणि दुसऱ्यात बंद असेल, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत ते निळं पडतं. बायोसमध्ये जाऊन हे सेटिंग जुन्या लॅपटॉपसारखं केलं की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. दुसरं कारण, जुन्या पद्धतीने, म्हणजे लेगसी मोडमध्ये टाकलेलं विंडोज. नव्या लॅपटॉपांना फक्त यूईएफआय समजतं, त्यामुळे असं विंडोज तिथे सुरूच होत नाही. तिसरं कारण अगदीच किरकोळ, पण त्रास देणारं. आपण ‘शट डाउन’ म्हणतो तेव्हा फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद झालेलं नसतं, अर्धवट झोपलेलं असतं. झोपेत उचलून दुसऱ्या घरात नेलं तर कुणीही गांगरेल. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा, मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.

अ‍ॅक्टिव्हेशनचं म्हणाल, तर लॅपटॉपसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स एसएसडीसोबत प्रवास करत नाही, ते त्या लॅपटॉपच्या बोर्डाशी बांधलेलं असतं. दुसऱ्या लॅपटॉपचं स्वतःचं लायसन्स असेल आणि आवृत्ती तीच असेल, होमला होम, प्रोला प्रो, तर साधारणतः ते आपोआप लागू होतं.

पण माझा सल्ला विचाराल तर, फक्त फाइल हव्या असतील तेव्हा विंडोज उठवायच्या भानगडीत पडूच नका. एक यूएसबी एन्क्लोजर घ्या, एसएसडी त्यात टाका आणि पेनड्राइव्हसारखी कुठल्याही लॅपटॉपला लावा. साटा आणि एनव्हीएमई दोन्ही घेणारं एन्क्लोजर मिळतं, हॉस्टेलच्या एका मजल्यावर एक असलं तरी पुरतं. बिटलॉकर असेल तर ते इथेही की मागेल, ती दिली की फाइल समोर. आणि एसएसडी कायमची नव्या घरी राहणार असेल, तर फाइल काढून घेऊन विंडोज नव्याने टाका. दुसऱ्या कंपनीचे जुने ड्रायव्हर, आवाज-ब्राइटनेसची निरुपयोगी सॉफ्टवेअर, हे सामान कशाला वाहायचं?

प्रत्यक्ष बदलताना बॅटरीची पिन आधी काढा. झाकणाच्या क्लिपा सोडवायला बाद झालेलं एटीएम कार्ड उत्तम. एम.२ पट्टी स्क्रू काढल्यावर स्वतःच तिरकी उचलली जाते, नवी घालतानाही तशीच तिरकी घालून मग खाली दाबायची. तो स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि हरवतोच, म्हणून खाली पांढरा रुमाल पसरा.

वापरलेली विकत घेताना

पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. लॅपटॉपमधून काढलेल्या एसएसडी इथे नव्यापेक्षा स्वस्तात मिळतात, ऑनलाइन जाहिरातींतही मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण एसएसडी ही झिजणारी वस्तू आहे. तिच्यावर किती लिहायचं याला मर्यादा असते. कंपनी ती टीबीडब्ल्यू या आकड्यात सांगते. सॅमसंगच्या ५०० जीबीच्या ९७० इव्हो प्लसचा आकडा ३०० टीबी आहे. म्हणजे रोज ५० जीबी लिहिलं तरी सोळा वर्षं. विद्यार्थ्याच्या वापरात झिजून मेलेली एसएसडी त्यामुळे क्वचितच सापडेल. पण तुमच्या हातातली कुणाच्या वापरातून आली आहे, सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून की व्हिडिओ एडिटरच्या मशीनमधून, हे वरून दिसत नाही.

आतून दिसतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि दुकानातच ड्राइव्ह लावून दाखवायला सांगा. तब्येत किती टक्के, किती तास चालली, एकूण किती लिहिलं, सगळं समोर येतं. ‘एकदम नवीन आहे’ म्हणून दिलेल्या एसएसडीवर नऊ हजार तास दिसले, तर बोलायची गरजच उरत नाही. आकडा बघा आणि भाव करा. तब्येतीबरोबर क्षमताही तपासा. १ टीबीचं लेबल लावलेल्या बनावट ड्राइव्हमध्ये आत भलतंच काही असू शकतं. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर ड्राइव्ह पूर्ण भरून, परत वाचून खरं-खोटं करतं.

वॉरंटीच्या गप्पांना भुलू नका. लॅपटॉपमधून काढलेल्या ड्राइव्हवर सॅमसंग किंवा हायनिक्स लिहिलेलं असलं, तरी तिची वॉरंटी मूळ लॅपटॉप कंपनीच्या नावावर असते. तुम्हाला मिळते ती दुकानदाराची, आणि ती बिलावर लिहून घ्या. आणखी एक, ड्राइव्हवर आधीच्या मालकाने बायोसमधून हार्ड डिस्क पासवर्ड लावलेला असेल, तर तो ड्राइव्हसोबतच येतो. लॅपटॉप बदलून तो जात नाही. पैसे देण्याआधी ती उघडते ना, हे बघाच.

आणि तिच्यात काय काय येतं?

२००३ मध्ये एमआयटीच्या सिमसन गारफिंकल आणि अभी शेलत या दोघांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी १५८ सेकंडहँड हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या फक्त १२. उरलेल्यांत पाच हजारांहून जास्त क्रेडिट कार्ड नंबर, पत्रव्यवहार, वैद्यकीय नोंदी असं काय काय सापडलं. विकणाऱ्यांपैकी अनेकांनी डिस्क फॉरमॅट केली होती आणि काम झालं असं समजले होते.

तो हार्ड डिस्कचा जमाना होता. एसएसडीत गोष्ट थोडी बदलते. ती मजकूर कुठे ठेवायचा हे स्वतः ठरवते, एका जागी फार झीज होऊ नये म्हणून सतत जागा बदलते. त्यामुळे फाइलवर दुसरी फाइल लिहून जुनी पुसली जाईल, हा हिशेब इथे चुकतो. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये हेच तपासलं. एकेक फाइल पुसायच्या ज्या पद्धती त्यांनी वापरून बघितल्या, त्यातली एकही एसएसडीवर भरवशाची ठरली नाही. संपूर्ण ड्राइव्ह एका आज्ञेत पुसण्याची जी सोय ड्राइव्हमध्येच असते ती प्रभावी होती, पण काही कंपन्यांनी तीही नीट बनवली नव्हती.

तेव्हा आधारचा स्कॅन, आईचं पासबुक, बंद केलेल्या अकाउंटचे चॅट असलेली एसएसडी ओएलएक्सवर टाकण्याआधी नुसतं रीसायकल बिन रिकामं करून भागणार नाही. अनेक लॅपटॉपांच्या बायोसमध्ये ‘सिक्युअर इरेज’ किंवा त्यासारखा पर्याय असतो. नसेल तर सॅमसंग, डब्ल्यूडी, क्रूशियल यांची स्वतःची सॉफ्टवेअर आहेत, त्यातून करा. इथे बिटलॉकर मात्र तुमच्या बाजूने उभं राहतं. ड्राइव्ह पहिल्यापासून एन्क्रिप्टेड असेल तर पुसताना एखादा कोपरा सुटला तरी कीशिवाय त्यातून कुणाला काही वाचता येत नाही. पुसून झाल्यावर एन्क्लोजरमध्ये टाकून एकदा बघा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये पूर्ण पट्टी ‘अनअलोकेटेड’ अशी काळी दिसली की ती विकायला काढा, आणि जाहिरातीत क्रिस्टलडिस्कइन्फोचा स्क्रीनशॉट टाका. फक्त त्यातला सीरियल नंबर झाका.